अर्धा राहिलेला पट्टा

साकोलीत नवं घर बांधलं तेव्हा बैठकीची भिंत कशी हवी ते मीच आधी सांगितलं होतं. वर दुधी पांढरा रंग आणि खाली हातभर गडद गेरूचा पट्टा. माझी माय गिरजाबाई गावात दर दिवाळीला अशीच भिंत करते, पांढऱ्या मातीनं सारवून. भूपेंद्र, म्हणजे माझा नवरा, हसला. म्हणाला, "सोफा ठेवून राहिलो का बैल बांधून राहिलो?"

मग नागपूरहून दामिनी मॅडम आल्या, घर सजवून देणाऱ्या. आवड कळावी म्हणून त्यांनी माझ्या मोबाईलमधले फोटो पाहिले आणि मायच्या भिंतीवर थांबल्या. पंधरा दिवसांनी तीच भिंत कॉम्प्युटरवर दाखवली. मॉडर्न क्लासिक म्हणे, आणि पट्टा हा बोल्ड एलिमेंट. भूपेंद्र म्हणाला, याला म्हणतात नजर. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. गप्प राहिले. ती चूक माझी.

पेंटरनं टेप लावून पट्टा मारला, तर मॅडमना तो मेलेला वाटला. तो पांढऱ्यानं पुसायला लावला. हाताचं काम पाहिजे, गावातली एखादी बाई रोजीनं मिळेल का, असं विचारलं. मिळेल ना, भूपेंद्र म्हणाला. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "मायले बोलाव. पण तुही माय हाये म्हणून सांगू नको."

मी बोलावलं. लेकीचं घर म्हणून माय घरचा गेरू डब्यात भिजवून घेऊन आली. ना दोरी, ना टेप. फरशीवर बसून चिंधीनं ओढत गेली आणि रेघ कुठं हलली नाही. मॅडम व्हिडिओ काढत होत्या. म्हणाल्या, "मावशी, जरा मागे सरका. फ्रेममध्ये फक्त हात पाहिजे."

माय सरकली.

भूपेंद्रनं मॅडमचा चहाचा कप टेबलावर ठेवला, स्टीलचा गिलास मायच्या हातात दिला आणि मागच्या ओट्याकडं बोट केलं. जावयानं! माय हातातल्या चिंधीसकट उठली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हा हात माह्या मायचा आहे," मी मॅडमना म्हटलं. "घ्यायचा तर तोंडासकट घ्या."

मॅडम भूपेंद्रकडं पाहू लागल्या. तो फरशीकडं. माय म्हणाली, "जाऊ दे रत्ना, पट्टा तं पुरा करू दे." मी चिंधी तिच्या हातून काढून घेतली आणि तिला नव्या सोफ्यावर बसवलं. सोफ्याला गेरू लागेल म्हणून तिनं दोन्ही हात हवेत धरले होते. त्याचाच मला जास्त राग आला.

पट्टा आजही अर्धाच आहे. वास्तूच्या जेवणाला भूपेंद्रचे मित्र आले, तेव्हा एकानं भिंतीचं कौतुक केलं. अर्ध्यात सोडायची कल्पना लय भारी, मॅडमचीच का? भूपेंद्र हो म्हणून मान हलवणार होता.

"ती कल्पना नाही," मी वाढता वाढता म्हटलं. "तिथून यानं माह्या मायले उठवलं होतं."

भूपेंद्रच्या पानात भात वाढला आणि पुढं गेले.