तासाचा भाव

शिवांजलीला कुणी 'काय करता?' विचारलं की ती 'बिझनेस' म्हणायची, आणि म्हणताना मान जरा वर जायची. एका कंपनीचे साबण, शांपू, गुडघेदुखीचं तेल घरबसल्या विकायचं. नवरा जयराज फौजेत, तिकडं जम्मूला. त्याला फोनवर 'महिन्याला आठ हजार सुटतात' म्हणून खुशाल ठोकून दिलं होतं. कोरेगावजवळ सासऱ्यांचं आल्याचं रान. तिथं तण काढायला, भांगलायला येणाऱ्या बायांची हजेरी, म्हणजे रोजाचे पैसे, वाटायचं काम तिच्याकडंच होतं.

त्या शनिवारी बनुबाई हजेरी न्यायला आली, तर शिवांजलीने तिला चक्क खुर्चीत बसवलं. खुर्चीत! एरवी बाया पायरीवर बसायच्या. पण महिना संपत आला होता, आणि हाताखाली अजून एक बाई जोडली नाही तर कंपनीतला तिचा दर्जा घसरणार होता.

"बनुबाई, गुडघ्यांचे हाल करून किती दिवस भांगलणार? माझ्या हाताखाली या. साडेचार हजार भरायचे, माल घरी येतो. सावलीत बसून कमाई."

बनुबाईने पदराने तोंड पुसलं. "हजेरी किती पडती?"

"हजेरी नसते हो यात. कमिशन असतं."

"आसंल की. पर तासाला किती?"

"तासाला कोण मोजतं?"

"आवं, तुमीच की वैनी! बुधवारी गुडघ्यात सुई टोचून घ्यायला तासभर आदी गेले, तर तुमी पन्नास कापलं. तवा मला कळलं, माझा तास पन्नासचा. तुमचा केवढ्याचा?"

टोमणा असता तर शिवांजलीने परतवला असता. पण बाई खरंच विचारत होती. साडेचार हजार म्हणजे तिची पंधरा दिवसांची कंबरमोड. 'शंभर' म्हणायला शिवांजलीची जीभ उचललीही होती. तेवढ्यात मनात हिशोब सुरू झाला, आणि एकदा सुरू झाला तो थांबेना. गेल्या महिन्याचं कमिशन सव्वीसशे. माल घरोघर पोचवायचं पेट्रोल सातशे. टार्गेटसाठी स्वतःच घेऊन माळ्यावर टाकलेला माल हजाराचा. उरले नऊशे. आणि फोन, मेसेज, विनवण्या यांत रोजचे तीन तास.

"दहा," तिच्या तोंडून गेलं.

"धा हजार?"

"दहा रुपये. तासाला."

बनुबाई हसली असती तर बरं झालं असतं. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बया! लेकरा, तुझं तर आमच्यापरीस..." 'तुमी' जाऊन 'तू' कधी आलं, ते तिलाही कळलं नाही. मग नुकत्याच मिळालेल्या हजेरीतली शंभराची नोट तिने पुढं केली. "एक साबन द्या. लागतोच की."

शिवांजलीने दिला. कापलेले पन्नास परत द्यावेत असं मनात आलं, पण आता ते बोलायचीही लाज वाटली.

सोमवारी रानात जायच्या आधी भांगलणीच्या अकरा बाया दारात उभ्या. प्रत्येकीच्या मुठीत शंभराची नोट. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या या बाया! साबणाचा भाव एकीनेही कमी करून मागितला नाही. "घ्या की वैनी, लाजताय काय," म्हणत एकीने तर नोट हातात कोंबली. धरणीने पोटात घ्यावं असं झालं शिवांजलीला.

खोक्यात साबण नऊच निघाले. राहिलेल्या दोघी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मागनं द्या कवा तरी," आणि पैसे ठेवून भांगलायला गेल्या.