वाटणीत न आलेला बैल

मी लाकडाचा बैल बोलतोय. माझं तोंड उघडत नाही, कारण सुताराने ते बंदच कोरलं होतं. त्यामुळे आजवर मी कोणाचं बोलणं मधेच तोडलेलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

माझा जन्म मुर्री गावातला. सेवकराम सुतार एका घराची चौकट करत होता, तिच्यातून सागाचा एक ठोकळा उरला. तो ठोकळा म्हणजे मी. उदेभानने त्याला सांगितलं, की पोरांसाठी तान्ह्या पोळ्याचा बैल करून दे. पोरं दोन होती, थोरला भोजराज आणि धाकटा रूपेश. मग बैल दोन करू का, असं सेवकरामने विचारलं. उदेभान म्हणाला, एकच कर, भाऊ आहेत, मिळून ओढतील. उदेभान समजूतदार माणूस होता, पण त्याला स्वतःला भाऊ नव्हता.

पोळ्याला खरे बैल मिरवतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो आमचा. लहान मुलं चाकावरचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात आणि मग दारोदार बोजारा मागत फिरतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा हातावर ठेवलेलं नाणं. भोजराज मला दोरीने पुढे ओढायचा. रूपेश शेपटी धरून मागे ओढायचा. मी बहुतेक वेळ जागच्या जागीच असायचो. माझा डावा कान त्याच काळात गेला.

पुढे दोघांना मिशा फुटल्या आणि मला सज्ज्यावर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर ठेवलं. तिथे माझ्यासोबत कूलरचा जळलेला पंप होता आणि लग्नात आलेलं, कोणालाच नको असलेलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. पंप बोलत नसे. घड्याळ बंद होतं. दिवस चांगले गेले.

खालची बातमी कानावर यायची. उदेभान वारला. भोजराज राईस मिलमध्ये मशीनवर लागला, रूपेशने मालवाहू गाडी घेतली. दोघांची लग्नं झाली. भोजराजची बायको दुर्गा घरी ब्लाउज शिवते, रूपेशची बायको रंजिता. भोजराजला मुलगी झाली, चंचल. रूपेशला मुलगा झाला, दुर्गेश. मग रूपेशने न्हाणीघर बांधलं आणि त्याच्या मोरीचं पाणी भोजराजच्या अंगणात येऊ लागलं.

भांडण मोरीवरून झालं, पण त्यात पुष्कळ जुन्या गोष्टी वाहून आल्या. कोण बापाच्या आजारपणात किती जागलं, कोणाच्या बायकोने कोणत्या लग्नात काय म्हटलं. शेवटी अंगणात भिंत उभी राहिली. भांडी वाटली, पलंग वाटले, लोणच्याच्या बरण्यासुद्धा वाटल्या. माझी आठवण कोणाला झाली नाही. सज्जा भोजराजकडे गेला, म्हणून मी तिकडचा झालो. भिंतीच्या पायाशी मोरीचं भोक होतं. भोजराजने त्यात वीट ठोकली आणि त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. शिवीगाळ नाही, तक्रार नाही. एक फाटकातून निघाला की दुसरा आत थांबून राहायचा.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई जमुनाबाई. सकाळचं जेवण थोरल्याकडे, संध्याकाळचं धाकट्याकडे. ती इकडचं तिकडे काही सांगत नसे. दोन्हीकडे वरणात मीठ कमी आहे एवढंच सांगायची.

असे दोन पोळे गेले. यंदा शाळेत मुलांना सांगितलं, की बैल घरचाच आणा आणि तो टाकाऊ वस्तूंनी सजवा, बाजारातली सजावट चालणार नाही. चंचल दुसरीत, दुर्गेश तिसरीत. चंचलने सज्ज्यावरून मला खाली काढून घेतलं. दुर्गेशकडे बैलच नव्हता. त्याने बापाला मागितला, तर रूपेश म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू. मग त्याने आजीला विचारलं. जमुनाबाईने सांगितलं, "तुझ्या बापाचा बैल आहे ना गा. पण तो त्या घरी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भोजराज मिलवर होता, रूपेश गाडी घेऊन तिरोड्याला गेला होता आणि दुर्गाच्या शिलाई मशीनचा आवाज चालू होता. मी अंगणात उभा होतो. भिंतीच्या पायाशी वीट हलू लागली. चंचल वाकून पाहत राहिली. भोकातून दुर्गेशचा आवाज आला, की बैल अर्धा माझ्या बाबाचा आहे. चंचलने थोडा विचार केला आणि विचारलं, कोणता अर्धा?

इथून माझ्या आयुष्याचा सर्वांत कठीण काळ सुरू झाला. चंचलला डावी बाजू मिळाली, दुर्गेशला उजवी. ज्या मोरीवरून भिंत उभी राहिली, त्याच मोरीतून मला ये-जा करावी लागली. शिंगं अडायची, म्हणून मला कुशीवर निजवून ढकलायचे. बैलाने असं कधी करू नये.

चंचलने आईच्या कापडाच्या चिंध्यांतून झूल केली. तिला उरलेली सोनेरी लेस लावली आणि खुरांना लाल नेलपॉलिश लावली. दुर्गेशने चिप्सच्या पाकिटांच्या चंदेरी पट्ट्या कापून चिकटवल्या आणि मांडीवर बापाच्या गाडीसारखं 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं. पाठीवर मधोमध दोघांची सीमा होती. तिथे आधी भांडण झालं, मग दोघांनी मिळून खडूने रेघ मारली. माझं एक चाक हरवलं होतं. ते दुर्गेशने बापाच्या जुन्या चपलेच्या तळव्यातून गोल कापून केलं. चप्पल जुनी होती की नाही, यावर नंतर मतभेद झाले.

घाईत एक गोष्ट राहिली. शेवटच्या फेरीनंतर वीट परत लावायची कोणालाच आठवली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी भोजराज अंगणात आला, तर पाणी थेट त्याच्या तुळशीपर्यंत आलेलं. त्याने उघडं भोक पाहिलं.  दुर्गाने विचारलं, चहा देऊ का?  तो नुसता भिंतीकडे पाहत उभा राहिला. मी त्या वेळी रंजिताच्या ओसरीवर होतो, पण ती शांतता मला भिंतीपलीकडूनही ऐकू आली.

दुपारी देवळासमोरच्या मैदानात तोरण बांधलं होतं. शाळेचा नियम असूनही एका बैलाच्या गळ्यात लागणारे-विझणारे लाइट होते, त्याला पहिलं बक्षीस मिळणार हे सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. आम्ही रांगेत उभे राहिलो. माझ्या एकाच दोरीला दोन मुलं. मैदानाच्या एका टोकाला रूपेश उभा होता. भोजराज दुसऱ्या टोकाने तरातरा त्याच्याकडे निघाला होता. वाटेत त्याला मी दिसलो आणि तो थांबला. डावीकडे त्याच्या बायकोची लेस होती. उजवीकडे त्याच्या भावाची गाडी होती. ती वीट कोणी काढली, हे मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं.

रिटायर झालेले चुन्नीलाल गुरुजी परीक्षक होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बैल कोणाचा आहे?"

"इकडून हिचा आहे, तिकडून माझा," दुर्गेश म्हणाला.

गुरुजींनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, की बैल एक असला तर बक्षीसही एकच मिळेल. चंचल म्हणाली, चालते, आम्ही अर्धं करू.

आणि रांग निघाली तसं चपलेचं चाक निखळलं. मी तोंडावर पडलो. मागचे बैल माझ्यावर येऊन आदळले, पोरं ओरडू लागली. चंचल रडली नाही, पण तिने दोरी सोडली, आणि दुर्गेश चाक हातात घेऊन दोन्हीकडे पाहू लागला, एकदा बापाकडे, एकदा मोठेबाबाकडे, म्हणजे भोजराजकडे.

रूपेश गाडीतून पक्कड आणि खिळा घेऊन आला. एका हाताने बैल धरून दुसऱ्या हाताने खिळा मारता येत नाही. त्याने प्रयत्न करून पाहिला. मग भोजराज खाली बसला आणि त्याने माझे पुढचे दोन्ही पाय धरले.

"घट्ट पकड," रूपेश म्हणाला.

"पकडलो ना."

"ढिला पकडून राहिला तू."

"तू खिळा तिरपा मारून राहिला."

दोन वर्षांत दोघे एकमेकांशी एवढंच बोलले. खिळा तिरपाच होता.  पोटाखालून मला तो नीट जाणवला. चाक बसलं, रूपेश आपल्या टोकाला गेला, भोजराज आपल्या. बक्षीस लाइटवाल्या बैलाला मिळालं. आम्हाला सगळ्यांसारखा बिस्किटाचा पुडा मिळाला.

मुलं बोजारा मागत निघाली. रंजिताकडे झालं, शेजारी झालं, आणि मग भोजराजच्या फाटकापाशी दुर्गेशचे पाय अडले. चंचलने त्याला ओढलं नाही, नुसती थांबून राहिली. दुर्गा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि दुर्गेशकडे पाहून म्हणाली, "किती वाळून गेला रे तू. आत ये, करंजी खा."

तो आत आला. भोजराज पलंगावर बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, की ती वीट कोणी काढली. दुर्गेश म्हणाला, मी. चंचल म्हणाली, मी. भोजराज उठला आणि मुलांना ओलांडून सरळ अंगणात गेला. दुर्गाचा हात करंजीच्या ताटात तसाच राहिला.

भिंतीपाशी उभं राहून त्याने हाक मारली. "रूपेश, तुझ्या मोरीचं पाणी माझ्या अंगणात येऊन राहिलं."

 पलीकडून आवाज आला, "तर पाइप टाकून घेऊ. अर्धा तू टाक, अर्धा मी टाकतो."

"मी काऊन टाकू? मोरी तुझी आहे."

"अंगण कोणाचं आहे?"

मग बापाचं आजारपण निघालं, लग्नं निघाली, बरण्या निघाल्या. चप्पलसुद्धा निघाली. दिवेलागण झाली तरी ते भांडतच होते. रंजिता पलीकडून काही बोलली, दुर्गाने त्याला उत्तर दिलं. मुलं पायरीवर बसून करंज्या खात होती. जमुनाबाईची धाकट्याकडे जेवायला जायची वेळ टळून गेली होती, पण ती जागची हलली नाही. ऐकता ऐकता तिने डोळे पुसले. काय झालं म्हणून दुर्गाने तिला विचारलं.

"काही नाही," जमुनाबाई म्हणाली. "भांडून राहिले दोघं."

माझं म्हणाल, तर सध्या मी भिंतीवर बसवलेला आहे, कारण मला ठेवायचं कुठे यावर अजून एकमत झालेलं नाही. डावी बाजू इकडे आहे, उजवी तिकडे. लेस थोडी सुटली आहे. कोणी माझी आठवण काढली, तर एवढीच विनंती, की मला परत सज्ज्यावर ठेवू नका. तिथून अंगणातलं नीट ऐकू येत नाही.

पाइप अजून टाकलेला नाही. त्यावर बोलणं सुरू आहे.