बारापैकी पाच वाफे

वर्गात तिला सगळे काकू म्हणत. विशीतल्या पोरापोरींत चाळिशी ओलांडलेली बाई येऊन बसली की दुसरं काय म्हणणार! बारा वर्षं तिनं शेतीऔषधांच्या दुकानात फवारणीच्या बाटल्या विकल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "मागच्या वर्षीचं चालेना, जरा जालीम द्या," आणि ती त्याहून जालीम काढून द्यायची. एके दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मला हे विकायचं नाही आता. याच्याशिवाय कसं पिकवायचं, ते शिकायचंय."

नवरा बसचा ड्रायव्हर, बोलायला मोजका. म्हणाला, "शीक की."

म्हणणं सोपं होतं. कृषी विद्यापीठाचं हे चौथं वर्ष. सकाळची पहिली बस, तास, शेत, परत घर, चूल, धुणं. त्यात यंदा लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष. रविवारी दुपारी नुसतं पडायला मिळालं तरी तिला सण वाटायचा.

तिचा प्रकल्प होता बारा वाफ्यांचा. सहा नेहमीसारखे नांगरलेले. उरलेले सहा दोन वर्षं नांगर न लावता, वर काडीकचरा पांघरून ठेवलेले. दर पंधरवड्याला प्रत्येक वाफ्यात फूटभर खड्डा घ्यायचा, माती पत्र्यावर पसरायची, गांडुळं मोजायची आणि परत सोडायची. पोरं विचारायची, "काकू, आज जनगणना का?" न नांगरलेल्या वाफ्यांत खड्ड्यामागं सरासरी आकडा चारवरून एकोणीसवर गेला होता. आता फक्त दोन मोजण्या उरल्या होत्या.

त्या मंगळवारी ती फावडं घेऊन पोचली, तर न नांगरलेल्या सहातले पाच वाफे ट्रॅक्टरनं उलथेपालथे करून टाकलेले. ती तिथंच बांधावर बसली.

ट्रॅक्टरवाला लांबूनच थांबत थांबत आला. "पाहुणे यायचेत, सगळं साफ करा, असा हुकूम होता, बाई. वाफ्यांच्या खुणेच्या खुंट्या आधीच कुणी उपटलेल्या. वर कचरा दिसला, मला वाटलं पडीक आहे."

तिला खरं तर ओरडायचं होतं. पण ओरडायलाही अंगात काही लागतं.

मार्गदर्शक सर तिच्याहून सहा वर्षांनी लहान. टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग, डोळ्यांखाली काळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "अहो बाई, आकडा चढताच आहे ना? मग दोन मोजण्या अंदाजानं भरून टाका. माती काय साक्ष द्यायला येणार आहे? वेळेत सुटा तुम्ही."

माणूस वाईट नव्हता. तिनं वेळेत सुटावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिलाही तेच वाटत होतं.

घरी जाताना बसमध्ये तिनं वही उघडली आणि पेन्सिलीनं वीस लिहिलं. पुढच्या रकान्यात एकवीस. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. बघायला गेलं तर आकडे कसे शहाण्यासारखे रांगेत बसले होते. तिनं वही मिटली आणि मान मागं टाकली. झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच पाच वाफ्यांत खड्डा घ्यायला उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं न विचारताच फावडं तिच्या हातून घेतलं. पत्र्यावर माती पसरली. सात. पुढच्यात सहा. पुढं पुन्हा सात. काही तुटलेली होती, ती तिनं धरली नाहीत.

"तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय," तो म्हणाला, "खाली उतरून कधी बघितलं नव्हतं."

तिनं पेन्सिलीचं खोडलं आणि सात लिहिलं.

सरांनी ते पान वाचून वही मिटली. "मग नवे वाफे धरून अजून एक हंगाम करावा लागेल. सहा महिने तरी."

"करते."

घरी सांगितलं तेव्हा नवरा "बरं" म्हणाला आणि बुटाची नाडी सोडत राहिला. लेक मात्र भडकली. "तू म्हणाली होतीस, माझ्या परीक्षेच्या वेळी तुझं सगळं संपलेलं असेल!" म्हणाली होती खरं. लेकीनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "किती निघाली गं?"

"सात."

"एकोणीसची सात? एका दिवसात?"

"एका दिवसात."

"मग हेच लिही ना," लेक म्हणाली आणि पान उलटलं.

तिनं तेच लिहिलं. प्रबंधात त्या पाच वाफ्यांचं एक वेगळं प्रकरण झालं. पुढं सहा महिन्यांनी पदवी मिळाली, तीही दुसऱ्या वर्गात. मग भाजी पिकवणाऱ्यांच्या एका संघात माती तपासायची नोकरी लागली, तिथंही पहिल्या बसनंच जावं लागतं.

त्या वाढीव हंगामात मात्र एक मोजणी चुकली. लेकीचा पहिला पेपर त्याच दिवशी होता. ती तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेली, पेपर सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपली. वहीत त्या तारखेपुढं तिनं लिहिलं, 'मोजणी केली नाही.' सरांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "घरचं काम होतं."