एका फायलीतले दोन बाबा

ताईने दुपारी फाईल उघडली, पडद्याच्या कडेची लेयरची, म्हणजे फोटोवर एकावर एक चढवलेल्या थरांची, यादी बघितली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादीत एकच लेयर होता. काल संध्याकाळपर्यंत तिथे उतरंड होती. सगळ्यात खाली बाबांच्या फोटोचा जसाच्या तसा स्कॅन, त्यावर ओरखडे बुजवलेला लेयर, त्यावर डाग काढलेला, त्यावर उजेड सारखा केलेला आणि सगळ्यात वर सरळ केलेला डोळा. आता सगळं चेपून एक झालं होतं. सरळ डोळ्याचे बाबा पडद्यावर हसत होते आणि त्यांच्याखाली काहीही उरलं नव्हतं.

कोणी केलं हे विचारायची सोयच नव्हती. दुकानात माणसं दोन, एक ती आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ, ज्याला अख्खी बाजारपेठ फटाफट म्हणते. ओळखपत्राचे फोटो फटाफट, प्रिंट फटाफट, जेवणही फटाफट. खरं नाव आता आईलाच काय ते आठवत असेल. कामाला वाघ आहे, नाही कोण म्हणतं? पण हात लावायच्या आधी डोकं लावायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असेल तर तेही त्याने फटाफट ऐकलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, एका फोटोसाठी एवढा थयथयाट कशाला. तर ऐका. बाबा फोटोग्राफर होते. जन्मभर लोकांना हसा म्हणाले, हनुवटी वर करा म्हणाले, पण स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे नाहीत. त्यांचा डावा डोळा तिरळा होता, बाहेरच्या बाजूला पळायचा. उभं राहायची वेळ आलीच तर काळा चष्मा. ओळखपत्रासाठी स्वतःचा फोटो स्वतःच काढला आणि डोळाही स्वतःच सरळ करून घेतला. चष्म्याशिवायचा, खऱ्या डोळ्याचा फोटो अख्ख्या आयुष्यात एकच. कोणी गिऱ्हाईक नवा कॅमेरा दाखवायला आलं होतं, त्याने दुकानाच्या दारात बाबा खळखळून हसत असताना बटण दाबलं. बाबांनी त्याला शिव्या घातल्या, पण प्रिंट आईने पळवली आणि फ्रेम करून घेतली; निगेटिव्ह गिऱ्हाइकाबरोबर गेली ती गेलीच. पुढे ओल लागून ती प्रिंट काचेला चिकटली. ताईने ती काचेसकट स्कॅन केली. मग काच सोडवायला गेली तर चेहऱ्याचा पापुद्रा काचेबरोबर निघून आला आणि फोटो संपला. राहिला तो स्कॅन.

तो तिने वेगळा का नाही ठेवला? दुकानाची शिस्त. एक काम, एक फाईल, हा बाबांचा नियम होता. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कायम तुडुंब भरलेली असायची, तेव्हा स्कॅन वेगळा ठेवायचा नाही, कामाच्या फायलीत तळाचा लेयर म्हणून राहू द्यायचा आणि त्याला कधी हात लावायचा नाही. नवा कॉम्प्युटर आला, डिस्क मोठी झाली, नियम तसाच राहिला. बाबांचा नियम मोडायचा कोणी?

या फोटोवरून घरात भांडण त्याआधीच होऊन गेलं होतं. दुकानात नवा काउंटर केला होता आणि फटाफटला त्याच्या वर बाबांचा मोठा फोटो हवा होता, डोळा सरळ करून. आई म्हणाली, मला माझ्या खोलीत माझा माणूस हवाय, तुमचा नटवलेला नको. दोघंही हट्टाला पेटलेले. मग ताईनेच तोड काढली. उजवा डोळा उचलून, आरशातल्यासारखा उलटा करून डाव्यावर बसवला, त्यातली चमक जागेवर आणली आणि तो तुकडा सगळ्यात वरच्या लेयरवर वेगळा ठेवला. लेयर चालू ठेवला की काउंटरचे बाबा, बंद केला की आईचे बाबा. आई उद्या तिची प्रिंट न्यायला येणार होती. बाबा गेल्यापासून तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

ताईने ड्रॉवर उघडून दुसरी हार्ड डिस्क काढली. रोज दुकान बंद करताना दिवसभराचं सगळं काम त्यावर उतरवायचं, हे काम फटाफटचं. बाकी सगळ्यात धांदरट, पण या एका कामात त्याची एक दिवस चूक होईल तर शपथ. काल संध्याकाळीही त्याने उतरवलं होतं. याच नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं असणार आणि याने हो म्हटलं असणार. तिथेही एकच लेयर. ताईने कपाळावर हात मारला नाही, डिस्कच काउंटरवर आपटायला उचलली होती, पण तिच्यात लोकांची लग्नं होती, म्हणून खाली ठेवली.

तेवढ्यात हा बहाद्दर लॅबमधून आला. काखेत गुंडाळलेली मोठी प्रिंट, चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचा आनंद. प्रिंट उलगडून दाखवायला लागला. ताईने त्याला पडद्यासमोर उभं केलं आणि लेयर मोज म्हणाली. मग त्याची फे फे उडाली. लॅबवाला म्हणतो जड फाईल चालत नाही, फ्लॅटन करून, सगळे लेयर एक करून आणा. म्हणून केली. सेव्ह करू का म्हणून कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह केली. दुसऱ्या नावाने करायची हे माहीत होतं त्याला, अगदी व्यवस्थित माहीत होतं, पण दारात गिऱ्हाईक उभं होतं.

म्हणजे बघा. गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणून बाप घालवला.

ताई एरवी आवाज चढवत नाही. आज चढवला. त्याच्या घाईचा, त्याच्या निष्काळजीपणाचा, लहानपणापासून मोडलेल्या एकूण एक वस्तूचा तिने पंचनामा केला. तो खाली मान घालून ऐकत होता. तेवढं केलं असतं तरी निभावलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, याने मध्येच सांगितलं की यात बाबा चांगले दिसतात आणि बाबांनी स्वतः असंच केलं असतं.

“तुला लाज वाटायची त्यांची,” ताई म्हणाली. “शाळेच्या कार्यक्रमाला येताना चष्मा घाला म्हणून रडला होतास. आता कायमचा घातलास. बाबा एकदा आजाराने गेले, दुसऱ्यांदा तुझ्यामुळे.”

तो पांढरा पडला. प्रिंट गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाबांच्या जुन्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. ताईला त्याची दया आली का? अजिबात नाही. तिला वाटलं, बस तिथेच, हलू नकोस, श्वासही जरा कमीच घे.

आईला सांगायचं तर काय सांगायचं? ताईने नवा लेयर उघडला. आपण सरळ केलेला डोळा, आपणच तिरळा करू, त्यात काय मोठंसं. बुबुळ कापून घेतलं आणि बाहेर सरकवलं. पडद्यावर कोणी विदूषक बसला. आत घेतलं. कोणी परका माणूस. थोडं वर, थोडं खाली, पापणी जड केली, पापणी हलकी केली. प्रत्येक वेळी नवाच गृहस्थ हसायचा आणि त्यांतला एकही तिचा बाप नव्हता. इतकी वर्षं रोज समोर असलेला चेहरा, परवा परवा तिनेच त्यावर तो तुकडा बसवला, आणि आता डोळा किती पळायचा ते आठवेना. आठवणार कुठून? बाबांशी बोलताना उजव्या डोळ्यात बघायचं, ही घरातली न सांगितलेली शिस्त होती. ताई दुकानात लाईट धरून समोर उभी राहायची, ती जन्मभर उजव्या डोळ्याशीच बोलली होती. काम करतानाही तिने उजवाच नीट बघितला, कारण उचलायचा तो होता. डावा नुसता झाकला. हे कळलं तसा तिला स्वतःचाही संताप आला, पण तो तिने भावाच्याच खात्यावर मांडला आणि माऊस आपटला.

“फार बाहेर गेलाय,” पाठीमागून तो म्हणाला.

“तू गप्प बस.”

तो उठून तिच्या मागे आला. “हसताना एवढा जायचा नाही तो, ताई. रागावले की जायचा. हसताना जरासाच, आणि थोडा वर.”

तिने बुबुळ जरासं आत घेतलं.

“अजून. हां. आता वर. एवढं नको. पापणी खाली असायची, उजवीपेक्षा खाली. आणि कोपऱ्यात पांढरं दिसायचं, ते राहू दे.” त्याचा शब्द एकही चुकत नव्हता. “अजून एक केसभर. बस.”

पडद्यावर बाबा होते. दारात उभे राहून कोणावर तरी हसणारे, आता शिवी देतील असे. ताई रागाने वळली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

“तुला हे सगळं पाठ आहे?”

“मी इथे स्टुलावर बसायचो ना,” तो म्हणाला. “त्यांच्या डाव्या हाताला. बाबा तुझ्याशी बोलायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, पण तो डोळा माझ्याकडे असायचा. मला वाटायचं, कामात असले तरी एका डोळ्याने माझ्याकडे बघतायत. पुष्कळ मोठा होईपर्यंत मला तसंच वाटायचं.”

“मग का घालवलास मेल्या?”

“मला नको होता असं कुठे म्हटलं मी,” तो म्हणाला. “लोक हसायचे त्याला.”

ताईचा राग गेला नव्हता, अजिबात नव्हता, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. तिने फाईल नव्या नावाने सेव्ह केली. मग तिची आणखी एक प्रत केली, मग डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये तिसरी, आणि प्रत्येक वेळी नाव मोठ्याने वाचून दाखवलं, लहान पोराला दाखवावं तसं. तो मान हलवत राहिला. मग तिने विचारलं, काउंटरवर कोणते बाबा लावायचे.

त्याने कोपऱ्यातल्या प्रिंटकडे बघितलंच नाही. पडद्याकडे बघत तो दोन पावलं बाबांच्या डाव्या हाताला सरकला, स्टुलाजवळ, आणि तिथूनच बघत उभा राहिला.