एक्केचाळीस खोकी

पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि इन्साफचा हात थांबला.

"हाज्ज, इथे आकडा लिहिला नाहीत तुम्ही."

"आकडा काय, कधीही लिहिता येतो," हाज्ज शाकिर गल्ल्यामागून म्हणाले. "तुम्ही सही करा. घरचाच मामला आहे."

दुकानभर नुसती काच होती. बाराजणांचे काचेचे संच, सोनेरी कडेचे पेले, पाय असलेल्या बशा, आणि या सगळ्यांना मांडायला उंच काचेचं कपाट. दुपारचं ऊन आत येऊन त्या काचांमधून फिरत होतं आणि छतावर हलके हलके डुलत होतं, नदीच्या पाण्यावर डुलतं तसंच. इन्साफला गुंगी आल्यासारखं झालं. ही काच आपल्या मुलीबरोबर गाडीतून चालली आहे आणि रशीद गावातल्या सगळ्या बाल्कन्या वाकून पाहताहेत, असं तिला दिसायला लागलं.

मग तिने पुन्हा कागद वाचला. खाली सही करणाऱ्या बाईला अमुक रक्कम सांभाळायला म्हणून मिळाली आहे आणि मागितली की ती परत देणं तिच्यावर बंधनकारक आहे, असं त्यावर लिहिलं होतं. अमुकच्या जागी टिंबं होती. या काचसामानाचा एखादा हप्ता चुकला की हाज्ज त्या टिंबांवर हवा तो आकडा लिहिणार, मग कोर्ट, मग तुरुंग. मासळीबाजारात तिच्या शेजारी बसणारी एक बाई अशीच तुरुंगात गेली होती, पोरीच्या लग्नातल्या ब्लँकेटांपायी.

"आणि जामीन म्हणून आणखी एक सही लागेल," हाज्ज म्हणाले.

"मग दोन्ही सह्या उद्या एकदमच करू," असं म्हणून इन्साफने पेन खाली ठेवलं. कागद मात्र घडी करून पर्समध्ये घातला.

इन्साफ खारवलेली मासळी विकायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. बाजारातल्या बायकांच्या भिशीत ती दर महिन्याला न चुकता पैसे टाकत आली होती. आपला नंबर आला तेव्हा तिने फ्रीज, धुलाईयंत्र आणि शेगडी रोखीने घेतली. बाकीचं तिने आणि मुलीने, नर्मीनने, थोडं थोडं जमवलं होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून एकोणीस खोकी रचली होती. गुरुवारी नवऱ्यामुलाच्या, तामिरच्या, घरचे लोक गाड्या घेऊन येणार, वाजतगाजत सामान नेणार आणि अख्खी गल्ली खोकी मोजणार. मोजणं हेच तर त्या दिवसाचं मुख्य काम. पोरीचा चेहरा नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, आकडा राहतो.

समोरच्या घरातल्या उम्म वजीहच्या, म्हणजे वजीहच्या आईच्या, मुलीचा, समाहचा, आकडा होता एक्केचाळीस. बारा वर्षं होऊन गेली, समाहला तीन पोरं झाली, तरी गल्लीत कुणाचं लग्न निघालं की एक्केचाळीस हा शब्द उच्चारल्याशिवाय चहा उतरत नसे.

"आई, माणसं दोन आणि ताटल्या बहात्तर," नर्मीन कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. ती दवाखान्यात इंजेक्शनं द्यायचं काम करायची, आणि आईशी बोलतानाही सुई टोचल्यासारखी नेमकी बोलायची. "आणखी कशाला हव्यात? आम्ही काय खानावळ काढतोय?"

"पोस्टातले तुझे अकरा हजार दे मग. सहीच नको करायला."

"ते नाही देणार."

"का? माझ्या अब्रूपेक्षा मोठे आहेत का ते पौंड?"

"तामिरचा पगार दोन महिने अडकला तर भाडं त्यातून जाईल. मी आजारी पडले तर डॉक्टर त्यातून. काचेचं कपाट विकून कुणी भाडं भरलंय का कधी?"

पोरगी बरोबर बोलत होती आणि म्हणूनच इन्साफला तिचा राग आला होता. ती दिवाणावर आडवी झाली. खिडकीतून नदीवरची ओलसर हवा येत होती. अर्धवट झोपेत तिला एक गाडी दिसली. गाडीत एकच ताटली होती, आणि ती गाडी पाण्यावरून चालली होती, चाकं बुडत नव्हती. दोन्ही काठांवर खजुराच्या झाडांखाली बायका उभ्या होत्या. त्या मोजत होत्या, एक, एक, एक, आणि थांबतच नव्हत्या. जागी झाली तेव्हा उशी ओली होती. तिने तोंड धुतलं, पर्स उचलली आणि समोरच्या घराची कडी वाजवली.

उम्म वजीह मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसली होती. तिने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि दूर धरला, जणू त्याला नासक्या मासळीचा वास येत होता.

"यावर मी सही करू?"

"खाला, तुमच्याशिवाय कुणाला विचारू? या गल्लीत मोठ्या मनाने मुलीला पाठवलं ते तुम्हीच. एक्केचाळीस खोकी! तुम्हाला कळेल."

म्हातारीने निवडलेली पानं बाजूला सरकवली. मग उठली आणि इन्साफचा दंड धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगाची चादर तिने वर केली. खाली पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करून, एकावर एक रचून ठेवली होती. वरच्या पुठ्ठ्यावर सोनेरी कडेच्या ताटल्यांचं चित्र होतं.

"मोज," उम्म वजीह म्हणाली.

इन्साफने मोजली नाहीत. ती खाली बसली.

"सव्वीस आहेत," म्हातारीनेच सांगितलं. "समाहबरोबर पंधरा भरलेली गेली. ही नुसती चिकटपट्टी लावून गेली आणि पुढच्या आठवड्यात वजीहच्या रिक्षातून परत आली. पाच खोक्यांत वजनाला विटा घातल्या होत्या. त्यातलं एक एका पाहुण्याच्या पायावर पडलं, अंगठा मोडला बिचाऱ्याचा. लोक म्हणाले, काय जड भांडी दिलीत हो पोरीला! तू विटा घालू नकोस."

इन्साफला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. बारा वर्षं ती या सव्वीस पुठ्ठ्यांवर जळत होती. समाहच्या लग्नानंतर ती नवऱ्याला किती टोचून बोलली होती! तो बिचारा गप्प बसून जाळी शिवायचा.

"समाहच्या सासूला कळलं नाही?"

"खोकी तिचीच होती. तिच्या धाकटीच्या लग्नातली."

"पण सामानाची यादी? नवऱ्यामुलाला सही करायची असते त्यावर."

"यादीत जे आहे तेच लिहायचं. यादी खरी, गाडी खोटी. आणि रिकामी खोकी आपण बायकांनीच उचलायची. पुरुषांना कुठे काय कळतं." बाहेर येत उम्म वजीहने हातातला कागद हळूच फाडला, चार तुकडे केले आणि मुलुखियाच्या देठांत टाकले. "वीस घेऊन जा. एक्केचाळीसच्या वर जाऊ नकोस हं, माझाही मान आहे."

नर्मीनने खोकी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि काही न विचारता चिकटपट्टी शोधायला गेली.

बुधवारी दुपारी तामिरचे काका रजब यादी लिहायला आले. ते लाकडी होड्या बांधायचे. प्रत्येक वस्तू हाताने चाचपल्याशिवाय लिहीत नव्हते. एक फ्रीज. एक धुलाईयंत्र. खोकी एकोणीस. त्यांनी पेन्सिल ओठाला लावून आकडा मोठ्याने वाचला, तामिरने सही केली, दोन साक्षीदारांनीही केल्या. वीस खोकी तेवढ्यापुरती पुन्हा समोर, उम्म वजीहच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

गुरुवारी सकाळी नदीवर धुकं होतं. गाड्या आल्या, ढोल आला, बाल्कन्या भरल्या. एकोणचाळीस खोकी दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतून सुस्कारे आले आणि इन्साफला वाटलं, आपण अजून दिवाणावरच झोपलो आहोत. ती आणि उम्म वजीह रिकाम्या खोक्यांपुढे पहारेकऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या.

"हे आम्ही उचलतो," इन्साफ म्हणाली.

"छे! नवरीच्या आईने ओझी वाहायची?" रजबकाका म्हणाले. "आमच्या दाढ्या काय उगाच पिकल्यात?"

तिला बाजूला सारून त्यांनी पुढचं खोकं उचललं. होडीची फळी उचलणाऱ्या हातांनी त्यांनी जोर लावला आणि खोकं पिसासारखं उडून थेट त्यांच्या हनुवटीला लागलं.

रजबकाका तसेच उभे राहिले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. मग ओळीने रचलेल्या बाकीच्या खोक्यांकडे. त्यांचे ओठ हलले. ते मोजत होते. एकोणीस त्यांच्याच हाताने लिहिले होते. दारात नर्मीन उभी होती, आणि इन्साफला एकच कळत होतं, की आता हा माणूस जे बोलेल ते या गल्लीत पोरीच्या नावाला जन्मभर चिकटणार. ढोलवाल्यानेसुद्धा हात थांबवला होता.

रजबकाकांनी खोकं हळूहळू खाली आणलं. गुडघे वाकवले. दुसरा हात तळाशी घातला आणि दात आवळले.

"या रब!" ते ओरडले. "काय भरलंय यात, उम्म नर्मीन? पाठ मोडेल एखाद्याची. अरे, बघत काय बसलात, या की कुणीतरी!"

दोघे पुतणे धावत आले. त्यांनी खोक्याला दोन्हीकडून हात लावला, एकमेकांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तेही कण्हायला लागले.