मानकोली नाक्यावरचा वाघ

आमच्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याला बॅनर लागतो. पोराला दहावीत पस्तीस टक्के पडले, लाव बॅनर. कोणाच्या बैलाने शर्यत मारली, लाव बॅनर. मधोमध ज्याचं कौतुक तो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाची मुंडकी, काळे गॉगल घालून. मी पोट धरून हसायचे. माझा सख्खा भाऊ असल्याच एका बॅनरपायी गोत्यात येईल असं कोणी सांगितलं असतं, तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

माझा भाऊ प्रितेश. मी विनिता, त्याची थोरली बहीण, सासर कोनगावचं. बाबा लवकर गेले. माहेरी आई राहीबाई आणि प्रितेश, आणि शेजारच्या बंगल्यात केसरीनाथकाका, बाबांचा धाकटा भाऊ. जमिनी गोदामवाल्यांना विकून काकाने बंगला बांधला, स्कॉर्पिओ घेतली, आणि आता त्याला सरपंच व्हायचं होतं. मनाने माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही.

प्रितेश मुंबईच्या एका वाहिनीसाठी बातम्या करायचा. कॅमेराही तोच धरायचा, बोलायचाही तोच. २००६ साली एक बाई त्याला शोधत आमच्या दारात आली. निजामपुऱ्याची रईसा. तिचा नवरा मुख्तार कापडाच्या लूमवर कामाला होता. एजंटने परदेशात कापडगिरणीत नोकरी देतो म्हणून त्याला नेलं, तिथे पासपोर्ट काढून घेतला आणि बंदरावर हमालीला जुंपलं. असे आपल्याकडचे बरेच जण तिथे अडकले होते. रईसा आमच्या ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. आईने तिला चहा दिला आणि प्रितेशला म्हणाली, "जा रं, बघून ये. कोनाचा तरी दादला हाय."

तो गेला. कुठल्या देशात ते मी सांगणार नाही, आमच्या घरात त्या देशाचं नाव घेत नाहीत. मुख्तारने मागचं गेट उघडून त्याला आत घेतलं. प्रितेशने कामगारांची खोपटी, त्यांचं नासकं खाणं, फुटलेले हात, सगळं कॅमेऱ्यात घेतलं आणि बाहेर पडताना धरला गेला. पलीकडच्या धक्क्यावर त्यांच्या नौदलाची जहाजं उभी होती, ती मागे कुठेतरी दिसत होती म्हणे. झालं! पोरगा हेर ठरला. गेट कोणी उघडलं ते मात्र त्यांना कळलं नाही. प्रितेशने सांगितलंच नाही.

आम्ही ठाण्याचे एक वकील गाठले. ते म्हणाले, "घाबरू नका. परवानगी नसताना शूटिंग केलं, एवढ्यावर निभावेल. दंड भरतील आणि परत पाठवतील. फक्त तोवर सगळ्यांनी तोंडं शिवून बसा. एक शब्द बाहेर जाता कामा नये." आम्ही माना डोलावल्या. काकाने सगळ्यात जोरात डोलावली.

आणि आठवडा झाला नसेल, मी कोनगावहून माहेरी येतेय तर मानकोली नाक्यावर हा एवढा बॅनर! मधोमध माझा भाऊ, खाकी वर्दीत. कॉलेजात एनसीसीत होता तेव्हाचा फोटो. ताठ उभा राहिलेला त्याचा दुसरा फोटोच घरात नव्हता. मागे तिरंगा, त्यावर दोन लढाऊ विमानं, बाजूला जबडा उघडलेला वाघ. आणि वर लिहिलेलं, "शत्रूच्या गुहेत शिरलेला भारतमातेचा वाघ! प्रितेशदादांना मानाचा मुजरा!" खाली काका आणि त्याची गॉगलवाली पलटण.

मी तडक बंगल्यावर गेले आणि म्हटलं, "काका, अक्कल गहाण टाकलीस काय रे?"

तर हा छाती फुगवून म्हणतो, "अगं बाय, पोऱ्या तिकडं एकला हाय. दिल्लीला समजूं दे, त्याच्या पाठी अख्खा गाव हाय. दबाव न्हाय टाकला तं कोन इचारतंय आपल्याला?"

वकिलांचा फोन आल्यावर बॅनर उतरला. पण तोवर एका वाहिनीने तो दाखवून झाला होता, पेपरात छापून आला होता. तिकडच्या कोर्टात सरकारी वकिलाने तोच फोटो मोठा करून लावला. म्हणाला, गणवेश बघा, विमानं बघा, आणि त्याचं गावच सांगतंय की हा शत्रूच्या गुहेत शिरला. आमच्या वकिलांनी एनसीसी म्हणजे काय ते लिहून पाठवलं. कोण वाचतंय? पंधरा वर्षं ठोकली.

ती बातमी आली त्या दिवशी काका आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागला. आईने त्याचे हात धरले. "तू काय वाईट चिंतून केलंस का रं, भावजी?" एवढंच बोलली. मी आईच्या जागी असते तर दोन लगावल्या असत्या, खोटं कशाला बोलू! पण रडताना बघितला आणि मलाच रडू फुटलं. प्रितेशला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती त्यानेच.

मग सुरू झाली दिल्लीची टोलवाटोलवी. तिकडचा एक माणूस आपल्या तुरुंगात होता, तो मात्र खरा हेर, पुराव्यानिशी पकडलेला. त्याला सोडा, मग तुमचा देतो, असा निरोप तिकडून आला. आम्हाला वाटलं, देव पावला! काका नारळ घेऊन वज्रेश्वरीला गेलासुद्धा. पण दिल्लीचे साहेब म्हणाले, "अहो, आपण म्हणतोय तुमचा मुलगा पत्रकार आहे. मग साध्या पत्रकाराच्या बदल्यात हेर कसा द्यायचा? दिला, म्हणजे हाही हेर होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल." निर्दोष म्हणावं तर सुटका नाही, आणि सुटका हवी तर निर्दोष म्हणायचं नाही. हे राजकारण आईला समजावता समजावता माझी जीभ झिजली. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मंग कंदी येल तो?"

रईसा दर शुक्रवारी दुपारी यायची. कधी डब्यात खीर, कधी नुसतीच. तिच्या नवऱ्यासाठी गेलेला पोरगा आत आणि नवरा अजून तिकडेच, त्यामुळे ती आईशी बोलताना मान वर करायची नाही. आई मात्र तिला एकदाही उणा शब्द बोलली नाही. दोघी मिळून जवळा निवडत बसायच्या.

२००८ उजाडलं आणि दिल्लीचं मन पालटलं. निवडणुका वर्षावर आल्या होत्या, माणूस परत आणला हे दाखवायचं होतं. तिकडच्यांनाही आपला माणूस हवाच होता. पण त्यांची अट अशी की प्रितेशने कॅमेऱ्यासमोर कबूल करायचं, मी हेर आहे, आणि सही करून द्यायची. दिल्लीचे साहेब स्वतः घरी आले. म्हणाले, "सही म्हणजे निव्वळ उपचार आहे. इथे आल्यावर नाकबूल करू. पण मुलगा ऐकत नाहीये. आम्ही आईशी फोन जोडून देतो. आई, तुम्ही फक्त एवढंच सांगा, सही कर."

"सांगतंय की!" काका म्हणाला. "आमची वैनी सांगल आनि तो ऐकनार न्हाय, असं व्हायचंच न्हाय."

फोनचा दिवस नेमका शुक्रवारच निघाला. साहेब आणि काका ओटीवर, कारण फोन माजघरात आणि माजघरात बायका. आई फोनजवळ पाटावर, मी तिला खेटून. समोर उंबऱ्याशी रईसा, पदर तोंडात धरून, ओठांनी काहीतरी पुटपुटत. माझ्या भावासाठी दुआच मागत असणार.

घंटी वाजली. बोलायचं हिंदीत, असं बजावलेलं होतं, कारण तिकडे ऐकणारा दुभाषी हिंदीवाला होता. मी रिसीव्हरला कान चिकटवला.

"आई," प्रितेश म्हणाला. आवाज म्हाताऱ्यासारखा झाला होता.

"जेवलास का रं?" आईने हिंदीबिंदी काही बघितलं नाही.

तो हसला की खोकला, कळलं नाही. मग भरभर आमच्या बोलीत सुटला, दुभाष्याने टोकायच्या आत. "आई, आयक. निस्ती सही असती तं कवाच केली असती. मना हेर बोलूं दे, चोर बोलूं दे. पन ते बोलतान, गेट कोनी उघडला त्याचा नाव लिव. निजामपुऱ्याच्या बायचा दादला हाय तो. अजून हिथंच हमाली करतंय. नाव लिवला तं त्याला हेराचा साथीदार म्हनून टांगतील. आई, मना लय तरास होतंय गं. मना घरा येवाचा हाय. तू सांगशील तसा करतंय. लिवू का?"

देवाशप्पथ सांगते, मी मनात ओरडत होते, हो म्हण, आई, हो म्हण! कोण कुठला मुख्तार! आपलं लेकरू आहे ते!

आईने समोर बघितलं. उंबऱ्याशी बसलेल्या रईसाने तिच्याकडे बघून मान हलवली, धीर देतात तशी. तिला काय ठाऊक, फोनवर काय चाललंय.

"नको, पोरा," आई रिसीव्हरवर हात धरून इतकं हळू म्हणाली की मलाच काय ते ऐकू आलं. "नको लिवूस."

मग प्रितेश म्हणाला, "बरा." लहानपणी कैऱ्या पाडायला जाऊ नको म्हटलं की म्हणायचा तसाच. तेवढ्यात दुभाषी हिंदीत ओरडला आणि फोन कट झाला.

काका आत धावत आला. "काय बोलला? करतंय ना सही?"

"न्हाय करत," आई म्हणाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. काका भिंतीवर मुठी आपटायला लागला, "बापासारखा हट्टी! येक सही, येक सही करवत न्हाय त्याला!" आणि काकाच्या तोंडून ते गावभर झालं. प्रितेश हट्टी. प्रितेशला हुतात्मा व्हायचंय. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण खरं सांगायची सोय नव्हती. मुख्तार तिकडेच होता आणि काकाच्या पोटात तर तीळ भिजत नव्हता.

त्या संध्याकाळी विहिरीपाशी मी आईला हलवून हलवून विचारलं, "का गं? का असं केलंस?"

आई बराच वेळ घागरच घासत राहिली. मग म्हणाली, "ती बाय समोर बसलेली गं. समोर नसती, तं लिव बोललू असतू."

मी आईशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. लेकराची आई अशी कशी असू शकते, हेच डोक्यात घुमायचं.

अदलाबदल शेवटी झालीच. तिकडच्या तुरुंगात आपला आणखी एक माणूस होता, कोण्या कंपनीचा इंजिनिअर. त्याने सही केली. त्याला मी दोष देत नाही, त्याच्याही घरी कोणी वाट बघत असेल. टीव्हीवर दाखवलं, विमानतळावर दोन माणसं समोरासमोरून चालत गेली, एकमेकांकडे न बघता. आई बघत होती. म्हणाली, "बारीक झालाय बिचारा." आणि आत निघून गेली.

दिवाळीनंतर बंदरावरचे कामगार सुटून आले, मुख्तारही आला. प्रितेशचं शूटिंग तिकडच्यांनी जप्त केलं होतं, पण बोभाटा झाला होता, त्याचीच ती फळं. आणि शिमग्याच्या तोंडावर तिकडच्या तुरुंगात प्रितेश काविळीने गेला. पेटी मुंबईला आली. तिच्यासाठी कुठली अट नव्हती, कॅमेऱ्यासमोर काही कबूल करायचं नव्हतं. मेलेल्याच्या बदल्यात कोणी काही मागत नाही.

गावातली पोरं काकाकडे श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो मागायला आली. काका त्यांच्या अंगावर धावून गेला. "येक जरी बॅनर लागला तं जाळून टाकीन, तुमाला पन!" आम्ही प्रितेशला खाडीकाठच्या स्मशानात नेलं तेव्हा मानकोली नाक्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता.

बाराव्यानंतरच्या शुक्रवारी रईसा आली, या खेपेला मुख्तारला घेऊन. आईने त्या दोघांसाठी खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मुख्तार ताटावर बसला पण घास घेईना. त्याचे खांदे गदगदत होते. रईसाने आईचे पाय धरले आणि रडत रडत म्हणाली, "अम्मा, बुरा मत मानना. एक दस्तखत ही तो करनी थी. इतनी जिद किस काम की? आज यहाँ बैठा होता. आपका भी ख़याल नहीं आया उसे?"

माझं डोकं भणभणलं. आता मुख्तार घरी होता, सुखरूप. आता कोणाला कशाची भीती होती? मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होते, कोणासाठी, कोणाच्या नावासाठी, कोणाच्या कुंकवासाठी. आईने खालून माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"हां बाय," ती रईसाला म्हणाली, "जिद्दीच होता माझा पोऱ्या. कोनाचा आयकला न्हाय त्यानं."

मग तिने रईसाचे डोळे आपल्या पदराने पुसले, मुख्तारच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव रं. निवल्यावर चव जातं."

मुख्तारने पहिला घास घेतला. मी उठले आणि त्याला पाणी आणून दिलं.