यंत्रविजय, अध्याय पहिला

“पंढरीनाथजी, इकडे बसा ना, चौरंगाजवळ. आवाज एकदम पीछे तक गेला पाहिजे,” प्रेमलताबाई म्हणाल्या. पंढरीनाथांनी घसा साफ केला आणि पोथी उघडली.

सांवेर रोडवरच्या उदयसिंहांच्या कारखान्यात त्या सकाळी नवं कॉम्प्युटरवालं मशीन चालू व्हायचं होतं. मशीनला झेंडूचा हार घातला होता, वर पूजेचं तांब्याचं यंत्र चिकटवलं होतं, आणि समोर सतरंजीवर बारा-पंधरा कामगार मांडी घालून बसले होते. यंत्र म्हटलं की इंदुरात तांब्याच्या पत्र्यावरचे ते त्रिकोणच डोळ्यांसमोर येतात. मशीनला इथे कुणी यंत्र म्हणत नाही. तेव्हा यंत्राचा महिमा सांगणारं मराठीतलं काहीतरी वाचा, असा उदयसिंहांच्या पत्नीचा, म्हणजे माहेरच्या मराठी प्रेमलताबाईंचा हट्ट होता. पंढरीनाथ एका पायावर तयार झाले. त्यांची मिल बंद पडून दोन वर्षं होत आली होती, आणि स्टोअरकीपरच्या जागेबद्दल उदयसिंह ‘देखेंगे’ म्हणाले होते. निघताना बायको, शोभना, फाटकापर्यंत आली होती. “नीट वाचा हो,” एवढंच म्हणाली.

मिलमध्ये ते टाइमकीपर, पण जीव सगळा मिलच्या मराठी वाचनालयात. एकोणीस वर्षं त्यांनी ते फुकट सांभाळलं. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला फैलावर घेत. मिलला कुलूप लागलं तेव्हा धार्मिक कपाटातली पुस्तकं त्यांनी घरी आणली. त्यात ‘यंत्रविजय’ होतं. नावात विजय, आत ‘अध्याय पहिला’. त्यांनीच कधीकाळी ते पोथ्यांच्या रांगेत लावून टाकलं होतं. उघडून पाहायची गरज वाटली नव्हती. पोथीला नमस्कार करतात, वाचतो कोण?

“‘दूरच्या एका ग्रहावर शास्त्रज्ञांनी एक यंत्र बांधले. ते सर्व प्रश्नांची उत्तरे देई.’”

प्रेमलताबाईंनी हात जोडले. पंढरीनाथांची नजर मात्र पुढच्या ओळींवर गेली. यंत्र बिघडलं होतं. शास्त्रज्ञांना ते दुरुस्त करता येईना, म्हणून त्यांनी जाहीर केलं की यंत्रानं मौनव्रत घेतलं आहे. मग पुजारी आले. बघता बघता पुजारी पांढरे कोट घालू लागले आणि शास्त्रज्ञ भस्म फासू लागले.

ही पोथी नव्हतीच. ही कादंबरी होती, आणि देवाची नि विज्ञानाची एकदमच टर उडवत होती.

“क्या हुआ भिया?” मागून हरीनं विचारलं. हा मिलमधला जुना सोबती, आता इथे लेथ मशीनवर कामाला होता. “चष्मा भूल गए क्या?”

“नाही रे. अक्षर बारीक आहे.”

उदयसिंह घड्याळ बघत होते. पंढरीनाथांनी पोथी डोळ्यांजवळ धरली.

“‘मग... यंत्र प्रसन्न झाले,’” ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते छापलेल्या ओळीवर बोट ठेवून भलतंच वाचत होते. पुस्तकात यंत्राच्या किल्लीवरून हाणामारी चालली होती. तोंडानं ते शांती आणि समृद्धी सांगत होते. एक जागा इतकी झकास होती की हसू दाबताना त्यांना ठसका लागला. पान उलटलं, तर यंत्र जोडणाऱ्या मजुरांना हाकलून दिलेलं. कारण आत देव नाही आणि अक्कलही नाही, नुसते स्क्रू आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. पंढरीनाथांनी एकदा हरीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“‘आणि मजूर... मजूर सुखाने नांदले. कुणाचेही काम गेले नाही.’”

“किती भरून आलं बघा यांना!” प्रेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

उदयसिंहांनी बटण दाबलं, मशीन फिरू लागलं, टाळ्या पडल्या. “पंढरीनाथजी, सोमवारपासून आ जाओ. स्टोअर तुम्ही सांभाळा.”

हायसं वाटायला हवं होतं. पण पंढरीनाथांना कधी एकदा बाहेर जाऊन पुढचं पान वाचतो, असं झालं होतं. त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं.

“अहो, पोथी कुठे नेता?” बाईंनी हात पुढे केला. “ती आता इथेच राहणार, मशीनवर.”

“एकच अध्याय झालाय, बाई. पुढचं वाचायचं...”

“आता रोज टाइम कुणाला आहे? दर्शन घेतलं तरी बस.” त्यांनी पुस्तक लाल फडक्यात गुंडाळलं आणि वर गाठीवर गाठ मारली.

प्रसादाचा द्रोण घेऊन हरी जवळ आला. गेले आठ दिवस तो धड जेवला नव्हता. आज मात्र दोन लाडू घेतले होते.

“भिया, हे मशीन चार लेथचं काम अकेलं करतं म्हणे. फार घबराहट होती मला. पण पोथीतच लिहिलंय ना, कुणाचं काम गेलं नाही म्हणून?”

पंढरीनाथांनी तोंड उघडलं. उदयसिंह तीन पावलांवर उभे होते.

“हो,” ते म्हणाले.

हरीनं हात पुसले, पुढे होऊन लाल फडक्यावर कपाळ टेकवलं, आणि तो आपल्या लेथकडे गेला.